पाहिलं तेवढंच

आमच्या ड्रॉइंग मास्तरांइतका रेघेला सरळ आणि चालायला वाकडा माणूस महाडात दुसरा झाला नाही. रस्त्याने ते बहुधा उलटेच चालत. एखादं झाड मनात भरलं की एक डोळा मिटायचा, हात लांब करून पेन्सिलीवर अंगठा सरकवायचा आणि झाड पुरतं नजरेत मावेपर्यंत मागे मागे जायचं. असे जाता जाता एकदा बाजारात ते थेट सुकटीच्या टोपलीत बसले. कोळीण कडाडली, तर म्हणतात, "थांब बाई, एक फांदी राहिलीय!" एका लग्नात त्यांनी भर मांडवात वरबापाचं नाक मापलं. वरमाईला वाटलं, हा मेला करणी करतोय. मास्तरांना पंगतीतून उठवायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

शाळेत त्यांचा एकच कायदा. पाहिलं नाही ते काढायचं नाही. पहिलीच्या पोरांनी जमिनीवर चिंचोके मांडून आपल्याच पावलाचा आकार करायचा. तिसरीने पळसाचं पान पाटीवर ठेवून भोवती रेघ ओढायची. चौथीपुढे शाळेचा पितळी तांब्या यायचा. त्या तांब्याला पोचा होता आणि तो गाळून कोणी गुळगुळीत तांब्या काढला की मास्तर विचारत, "पोचा कुठे गेला रे? वाटेत तांबट भेटला काय?" तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांनी पाचवीला सिंह काढायला सांगितला, तेव्हा मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, सिंह पाठवून द्या, दुपारपर्यंत काढून देतो." साहेब हसले म्हणून नोकरी वाचली.

सहावीत घरातलं माणूस काढायचं असे. आमच्या वाडीतले निम्मे बाप मुंबईला, माझेही बाबा तिकडेच गोदीत. मला बाबाच काढायचे होते, आणि तसेच आणखी पुष्कळांना आपापले बाप काढायचे होते. मास्तरांनी कागद गोळा केले तर सगळे बाप पाठमोरे! डोक्याला मुंडासं, खांद्यावर वळकटी, पुढे दासगाव बंदरातल्या मुंबईच्या लाँचची वाट.

"अरे, तोंडं कुठे गेली ह्यांची?" मास्तर खेकसले.

मी भीत भीत उभी राहिले. "गुरुजी, पायलं नाय ते काडायचं नाय, तुमीच सांगितलंय ना?"

खोटं नव्हतं ते. बाबा शिमग्याला चार दिवस यायचे. बापाकडे टक लावून बघायची घरात रीत नव्हती. ते ओटीवर आले की आम्ही पोरं आत. ते निघाले की मात्र बांधावर उभं राहून वळणापर्यंत पोटभर बघता यायचं.  त्या दिवशी मास्तरांनी माझा कागद कितीतरी वेळ हातात धरला होता.

त्या शिमग्यानंतर बाबा दासगावला निघाले, ते शाळेवरूनच. मास्तर वर्गातून धावत बाहेर गेले आणि त्यांनी बाबांची वळकटीच धरली.

"उद्याची लाँच धरा. आज इथे बसायचं."

"मास्तर, गोदीत खाडा पडंल माजा! आनि माज्या तोंडात काय हाय काडन्यासारखं?"

"ते ती सांगेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला बाबांच्या पुढ्यात बसवलं.

बाबा वडाखाली अवघडून बसले. पहिल्यांदा मान वर करवेना, मला आणि त्यांनाही. मग मी बघितलं. भुवईत एक जुनी खोक होती. डोळे माझ्यासारखेच होते, हे मला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं की मास्तर मागून पुटपुटत, "पूस आणि बघ, पूस आणि बघ." उन्हं कलेपर्यंत चित्र पार बिघडलं, नाक वाकडं, एक कान सुपाएवढा. बाबांनी ते निरखलं, म्हणाले, "असा हाय व्हय गो मी?" आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

पुढे बाबा बरीच वर्षं येत-जात राहिले, पण तसं समोर बसून बघणं पुन्हा झालं नाही. आता बाबा नाहीत, मास्तर नाहीत, दोघांचीही फार आठवण येते. माझ्या बरोबरीच्या बायका कधी भेटल्या की बापाच्या गोष्टी निघतात, आणि त्या सगळ्या वळकटीच्या, मुंडाशाच्या, वळणावर दिसेनाशा होणाऱ्या पाठीच्या असतात.  मला मात्र माझ्या बापाचा चेहरा आठवतो.