हौदातलं रोप आणि माझ्या दोन ट्यूब

शेवाळ माझ्यामुळे आलं होतं. आळ मात्र मी सासऱ्यांवर घेतला. आणि खरं कळल्यावरही वर्षभर तोंड उघडलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. कुठल्या मशीनवर किती उजेड हवा, हे ठरवणं माझ्या कामात होतं, त्यामुळे जगातल्या सगळ्या उजेडाचं आपल्याला कळतं असा माझा समज होता. त्याच उत्साहात मी घरी माशांची काचेची टाकी आणली. पाच मासे, खाली रंगीत खडे आणि प्लॅस्टिकची दोन हिरवी झाडं.

त्याच सुमारास सासूबाई गेल्या आणि सासरे सटाण्याहून आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायचो. शेती मुलाच्या हाती दिलेली, इथे ओळखीचं कुणी नाही. बायको शाळेत शिकवायला जायची, मी कारखान्यात. दिवसभर मामा आणि ती टाकी, दोघंच घरात. पहिल्याच दिवशी त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं.

"जावईबापू, मासा खरा आनि झाड खोटं?"

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा शेतातल्या हौदातलं एक रोप लोणच्याच्या बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून एसटीने घेऊन आले. लांब, फितीसारखी पानं. सासूबाई त्या हौदावर कपडे धुवायच्या, असं बायकोने मला नंतर सांगितलं. मामांनी प्लॅस्टिकची झाडं काढली, रोप खड्यांत खोचलं आणि टाकी पूर्वेच्या खिडकीशी सरकवली. रोज आंघोळ झाली की मोजून पाच दाणे टाकायचे आणि खुर्ची ओढून तासभर बघत बसायचे. रोपाला नवं पान आलं की संध्याकाळी मला दारातच सांगायचे.

इथे मी मध्ये पडलो. एवढ्याशा उजेडात रोप नीट वाढणार नाही, असं मी जाहीर केलं. आधी साठ वॅटचा दिवा लावला. पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मग कारखान्यातून उजेड मोजायचं मीटर मागून आणलं. शनिवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असे. बायको सकाळच्या शाळेला गेली की मी टाकीभोवती मीटर घेऊन फिरायचो आणि वहीत आकडे लिहायचो. आमच्या तपासणीच्या टेबलावर, जिथे मायक्रोमीटरची बारीक रेघ वाचता आली पाहिजे, तिथे जेवढा उजेड असतो तेवढा मी त्या रोपाला द्यायचं ठरवलं. रोपाला काही वाचायचं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

टाकीवर दोन ट्यूब लागल्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. शेजारचे म्हणाले, "घरात ऑपरेशन थिएटर काढलंत का?" मला ते कौतुक वाटलं.

मामा एकदाच बोलले. "जावईबापू, हौदवर कोन दिवा लावस?"

मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

पंधरा दिवसांत पानांवर हिरवे केस आले. मग काचेवर. मग पाणीच हिरवं झालं, मासे दिसेनात. रोपाची पानं कुजून गळायला लागली. एवढे आकडे लिहिलेला माणूस चुकेल कसा? म्हणून मी दुसरं कारण शोधलं.

"मामा, तुम्ही दिवसभर खायला घालता म्हणून पाणी नासलंय. उद्यापासून टाकीला हात लावू नका."

"मी त पाचच दाणा टाकस," ते म्हणाले.

मी स्टुलावर चढून खाद्याची डबी कपाटावर ठेवली. चांगल्या सहा फुटी माणसालाही हात पुरणार नाही अशी. बायको भाकरी थापत होती, ती थांबली.

दुसऱ्या दिवशी मामा आंघोळ करून आले आणि टाकीकडे न बघता खुर्ची उचलून गॅलरीत बसले. आठवड्याने म्हणाले, "कांद्याची लागवड शे, जाणं पडी." त्यांना एसटीत बसवून आल्यावर बायको म्हणाली, "लागवड केव्हाच झालीये." आणि आत गेली.

आता खाद्य मी घालू लागलो. रोज तीनच दाणे. शेवाळ वाढतच राहिलं. महिन्याभरात दुसरं कारण उरलं नाही, तेव्हा मी एक ट्यूब काढली. "बिल फार येतंय," असं बायकोला सांगितलं. उरलेली ट्यूब संध्याकाळी दोन तासच, बाकी खिडकीचा उजेड. शेवाळ हळूहळू गेलं. खड्यांत उरलेल्या मुळातून पान फुटलं आणि वर्षभरात टाकी भरून गेली.

मग मी काय केलं? कारखान्यातल्या मित्रांना घरी चहाला बोलावलं आणि पाण्यातली झाडं आणि उजेड या विषयावर व्याख्यान दिलं. "मुख्य म्हणजे उजेड जास्त झाला तर घात होतो. हे बऱ्याच जणांना कळत नाही," मी म्हणालो.

बायको चहाचे कप ठेवत होती. "यांनाही नव्हतं कळलं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी ट्यूब लागल्या तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना घालवून यांनी ते ऐकलं."

मित्र हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

पुढच्याच शनिवारी मी सटाण्याची गाडी पकडली. सोबत डब्यात त्या रोपाचा एक फुटवा. चांदवडपर्यंत मनात भाषण तयार केलं, त्यात मीटर होतं, ट्यूब होत्या, पाण्याचं तापमानही होतं. मामा शेतातच, हौदाच्या कठड्यावर बसलेले होते. वर आंब्याची दाट सावली, पाण्यात लांब हिरवी पानं. मीटर न लावताही दिसत होतं, उजेड किती लागतो ते.

"या पाव्हणं. एकलेच?" ते उठले. माझ्या हातातला डबा बघून म्हणाले, "मासा मरनात का?"

"नाही मामा. त्याचं असं झालं की उजेडाचं प्रमाण..." एवढं बोलून मी अडकलो. ते डब्याचं झाकण उघडून रोपाची मुळं बोटाने मोकळी करत होते. माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून जमलं.

"मामा, शेवाळ तुमच्या दाण्यांनी नाही आलं. माझ्या ट्यूबनी आलं. तुम्ही गेल्यावर महिन्याभरातच मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं. डबी खाली काढून ठेवलीये. घरी चला."