सगळी प्रवाळं ठीक हायत

बंदेनवाजभाई फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. सोलापूरच्या नई जिंदगी भागात त्यांचं दुकान आहे आणि मागच्याच गल्लीत घर. तरुणपणी ते काही वर्षं शारजाला होते. समुद्री मासे आणि प्रवाळं विकणाऱ्या एका दुकानात पाणी गार ठेवणारी यंत्रं सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथून येताना माणसं सोनं आणतात, टीव्ही आणतात. यांनी डोक्यात खाऱ्या पाण्याची टाकी आणली.

मुलगी मेहनाज लग्न होऊन मंगळवेढ्याला गेली, घरात नवराबायकोच उरली, तेव्हा कुठं पुढच्या खोलीत पलंगासमोर ती टाकी उभी राहिली. पाणी फिल्टरचं, त्यात बाहेरून मागवलेलं खास मीठ. सोलापूरच्या उन्हात ते पाणी गार राहावं म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून त्यांनी चिलर घरीच बनवला.

"नळाला पाणी येतंय चार-पाच दिवसांनी, आन् हे माशांना देतेत," असं त्यांची बायको सायराबानू शेजारणींना सांगायची. पण सांगताना हसायची.

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं. पिण्याचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलं होतं. दिवसभर पलंगावर पडून ती टाकीकडे बघत राही. "एवढं पाणी समोर, आन् मला घोटभर बी नाय," ती एकदा म्हणाली. बंदेनवाजभाईंनी त्याच दिवशी टाकीवर चादर टाकली. तिनं ती काढायला लावली. "राहू द्या की. निदान बघते तरी."

त्याच सुमारास त्यांनी पुण्याच्या एका शौकिनाकडून मश्रूम प्रवाळ आणलं. दगडाला चिकटलेली, अळंबीच्या छत्रीसारखी चपटी निळी चकती. अंगावर लाल ठिपके आणि मधोमध बारीकसं तोंड. हे प्रवाळ मऊ असतं, कापलं तर प्रत्येक तुकड्याचं नवं प्रवाळ होतं. ते बायकोला दाखवायचं म्हणून त्यांनी सगळं सामान पलंगाशेजारी मांडलं. खाऱ्या पाण्याचं भांडं, हातमोजे, नवं ब्लेड.

"तोंडावरनं आरपार कापायचं. दोन्हीकडं थोडं थोडं तोंड आलं पायजे."

"दुखत नसंल व्हय त्याला?"

"त्याला मेंदू नसतो, सायरा."

"मेंदू नसला म्हणून काय झालं?"

त्यांनी हातमोजे चढवले. ब्लेड फिरलं तसे दोन्ही तुकडे आक्रसले, त्यांना चिकट बुळबुळीत पाणी सुटलं. त्यांनी ते खाऱ्या पाण्यात धुतले, शिंपल्यांच्या चुऱ्यावर ठेवले आणि वाहून जाऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

दोनेक आठवड्यांत तुकड्यांनी शिंपले धरले. कापलेली कड आत वळत वळत गोल झाली. "अवो, तोंड आलं बघा," हे आधी सायराबानूनंच पाहिलं. तेव्हापासून पुढचं कुठलं कापायचं ते तीच ठरवू लागली. डायलिसिसहून आली की पदर सारखा करायच्या आधी तिची नजर टाकीकडे जायची.

मे महिन्यात तिला थंडी वाजून ताप भरला. रक्तात जंतू गेले होते. आदल्याच दिवशी त्यांनी नवे तुकडे कापले होते. तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. मेहनाज आली. बंदेनवाजभाईंनी घराची किल्ली शेजारच्या कल्लप्पांना दिली आणि टाकीतलं उडालेलं पाणी रोज काचेवरच्या रेघेपर्यंत भरायला सांगितलं.

मग एका संध्याकाळी वादळ झालं आणि वीज गेली. ती परत आली ती झटका देऊनच. पंप सुरू झाला, पण चिलरचा कॉम्प्रेसर जळाला. कल्लप्पांनी सांगितल्याप्रमाणे रोज पाणी भरलं. पाणी तापलंय हे त्यांना कसं कळावं?

कपडे न्यायला बंदेनवाजभाई घरी आले, तेव्हा दार उघडताच कुजका वास आला. पाणी दुधासारखं झालं होतं. प्रवाळं विरघळून दगडावरून लोंबत होती. मच्छरदाणीखाली नुसता बुळबुळीत गाळ होता. त्यांनी बाह्या वर केल्या, मेलेलं सगळं हातानं बाहेर काढलं, बादल्या भरभरून पाणी गटारात ओतलं. गावभर लोकांचे कॉम्प्रेसर वेळेत बदलणारा माणूस स्वतःच्या घरातल्या जळक्या कॉम्प्रेसरवर हात ठेवून बसून राहिला. मग हात धुतले, कपडे घेतले आणि दवाखान्यात गेला.

"पोरं कशी हायत माझी?" सायराबानूनं विचारलं.

"सगळी ठीक हायत. नवीन तुकडे धरायला लागलेत."

त्यानंतर भेटीच्या वेळी रोज काहीतरी सांगावंच लागलं. आज कड वळली, आज रंग चढला, आज एकाला तोंड आलं. कधी काय व्हायला हवं होतं ते त्यांना पाठ होतं, त्यामुळे कुठं अडखळायला झालं नाही. ती डोळे मिटून ऐकायची.

एका शुक्रवारी ती गेली.

चाळिसावा होईपर्यंत मेहनाज राहिली. एका दुपारी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. बंदेनवाजभाई कोरड्या टाकीकडे बघत म्हणाले, "तिला हे कळलं नाय, तेवढं बरं झालं."

मेहनाजचे हात थांबले. "अब्बा, अम्मीला कळलं होतं."

"कोण बोललं?"

"कोण नाय. तुमी कपडे घेऊन आला, तवाच. तुमच्या हाताला वास येत होता. तुमी बाहेर गेल्यावर म्हणाली, टाकी गेली वाटतं."

"मग मला का नाय विचारलं तिनं?"

"मी बी तेच म्हणाले. तर म्हणाली, सांगू दे त्यांना. सांगताना त्यांचा चेहरा जरा बरा दिसतो."

बंदेनवाजभाई उठले, मोरीत गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले.

टाकी त्यांनी पुन्हा भरली नाही. टेंभुर्णीचा एक हॉटेलवाला गल्ल्याशेजारी साधे मासे ठेवायला ती घेऊन गेला. दुकान मात्र चालू आहे. संध्याकाळी शटर ओढलं की ते मेहनाजला फोन लावतात आणि आज कुणाचा फ्रिज उघडला, गॅस कुठून गळत होता, कसा भरला, ते सविस्तर सांगतात. मेहनाजला त्यातलं फारसं कळत नाही. ती फोन ठेवत नाही.