आधी रक्त, मग पेढा

पंच्याऐंशी सालच्या सुमारास मी भांडुपच्या एका लॅबमध्ये दर महिन्याला तपासणीसाठी रक्त द्यायला जायचो. माझ्या आतड्यांना कायमची सूज होती. तिथली बाई चष्मा केसांत खोचून मायक्रोस्कोपवर वाकायची आणि पुटपुटत एकेक पेशी मोजायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मला ताप भरला. सूज दाखवणारा ईएसआर शंभराच्या घरात गेला. डॉक्टर म्हणाले, आतड्याची सूजच वाढलीय, स्टेरॉइड वाढवू. पण बाई मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना. शेवटी तिने शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टरांनाच बोलावून आणलं.

"ईएसआर नुसता बोंबलतो हो, चोर कोण ते सांगत नाही. या पांढऱ्या पेशी बघा. शरीराने कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पेशीसुद्धा लढायला काढल्यात. आत जंतू आहेत. स्टेरॉइड वाढवलंत तर ही फौजच दबेल, वाट लागेल याची!"

डॉक्टर वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्या चिठ्ठीवरचा स्टेरॉइडचा वाढवलेला आकडा खोडला. पुढच्या तपासणीत माझ्या पोटात खरंच पू सापडला.

बरा झाल्यावर मी पेढे घेऊन गेलो. तिने पुडा बाजूला ठेवला, माझी बाही वर सारली, रक्त घेतलं आणि ईएसआर होईपर्यंत मला तासभर बाकावर बसवून ठेवलं. मग चष्मा पुन्हा केसांत गेला.

"झकास!" ती ओरडली. "आण रे आता तो पेढा!"