रेघ वरच्याले दिसते

"हे वरच्या!"

खड्ड्यातून असा आवाज आला का मी आरा थांबवून खाली वाको अन् म्हणो, "बोल गा."

खालून तो म्हणे, "तुले नाही."

पयल्या दिवशी मले काही समजलंच नाही. वर तं मी एकटाच उभा. माह्यावर टिनाचं छप्पर, छपरावर एक कावळा. मंग हा बोलते कोणासंगं? मी कावळ्याकडे पाहिलं, कावळ्यानं माह्याकडे पाहिलं. दोघांतून कावळाच हुशार निंघाला, तो उडून गेला.

तुमी लाकडाची वखार पाहिली असन तं हे काम पाहिलंच असन. खड्ड्यावर सागाचा ओंडका आडवा टाकतात. एक गडी ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, मंधात माणसाहून लांब आरा, म्हणजे मोठी करवत. ओंडक्यावर काजळीच्या सुतानं रेघ मारलेली राहते. वरच्यानं रेघ पाहाची अन् आरा तिच्यावर चालवाचा. खालच्याले रेघ दिसत नाही. त्याले दिसते फक्त वरून पडणारा भुसा, तोही डोळे उघडे ठेवले तं. त्यानं नुसतं ओढाचं.

तो खालचा, मी वरचा. इतवारीच्या मागच्या वखारीत आमची जोडी होती.

खरं म्हणजे वर हुशार माणूस पाहिजे. मले वर ठेवलं त्याचं कारण वेगळं. खड्ड्यात उतरलो का मले शिंका येत. एका शिंकेत आरा असा अडकला का त्याचा दाताच मोडला. शेठ म्हणे, "याले वर चढवा. शिंकन तं आभाळाकडे शिंकन."

आमी कोष्टी. बापानं मले मागावर बसवलं होतं. माह्या हातचं पयलं धोतर त्यानं उजेडात धरलं अन् म्हणे, "हे नेसन तो माणूस जनमभर तिरपा चालन." म्हणून मी लाकडाकडे आलो. म्हटलं, लाकूड काही कोणी नेसत नाही.

तो किरिस्ताव होता. कुहीकडचा. तिकडे भावांनी त्याचं पाणी तोडलं तवा बायकोले घेऊन नागपुरात आला. लेकरूबाळ नव्हतं. त्याचं गणगोत म्हणजे ते बाई, अन् बाईचं गणगोत म्हणजे हा.

त्याची प्रार्थना मी देवळात कधी पाहिली नाही, खड्ड्यात रोज ऐकली. डोळे मिटून, हात जोडून अशी नाही. हात आऱ्याले गुंतलेले. ओढता ओढता भांडल्यावानी बोले. "हे वरच्या, काल भाजीले तेल नव्हतं, ध्यानात आहे का तुह्या?" नाहीतं, "हे वरच्या, शेठले जरा अक्कल दे. सगळी नको देऊ, आमाले सोसणार नाही."

मी एक दिवस विचारलं, "तुले दिसत तं काहीच नाही. मंग भरोसा कसा ठेवतं गा?"

"रेघ वरच्याले दिसते. आपण ओढाचं."

"अन् वरचा माह्यावानी निंघाला तं?"

त्यानं तोंडातला भुसा थुंकला. "तुह्यावानी असता तं सूर्य सकाळीच मावळला असता. पण मले सांग, तुह्यासारक्याखाली मी रोज उतरतो का नाही? मंग त्याच्यासाठी काहून अनमान करू?"

मी शिंकलो.

दुपारी त्याची बायको भाकर घेऊन ये. मी तिले वयनी म्हणो. भाकर ठेवाच्या आधी ती माह्या फळ्या पाहे. एक डोळा मिटून, सुतारावानी. मंग पदर तोंडाले लावून म्हणे, "भाऊजी, हे फळी आहे का नाग नदी?"

"वयनी, नदीले वळणं असतात म्हणून तं गावाले पाणी भेटते."

"मंग आता पूर येऊ देऊ नका म्हणजे झालं."

सारी वखार हासे. तोही खड्ड्यातून हासे, अन् भुसा नरड्यात जाऊन ठसके.

त्या साली पाऊस सरला अन् मानमोडीच्या तापाची साथ आली. तुमच्या घरच्या जुन्या माणसायनं सांगतलंच असन. सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी उचलत. इतवारीत गाड्यायची रेटारेटी राहे, तिथी कुत्रे आडवे पसरले. आमच्यात जाळतात, त्यायच्यात पुराले पेटी लागते. पाद्रीबाबा सोता वखारीत येऊन फळ्या सांगून जाये. आमी सकाळपासून त्याच फळ्या काढो. माह्या तोंडातून मस्करी निंघे ना. तो खालून एवढंच म्हणे, "ओढ."

एक दिवस तो आला तं त्याचं तोंड राखेवानी. वयनीले ताप चढला होता.

मी म्हटलं, "मंग इथी काहून आला गा? घरी जा."

"तिनंच धाडलं. म्हणे लोकायच्या घरी मेलेले माणसं भुईवर ठेवले आहेत, पेटीले फळ्या नाहीत. शेजारीण बसली आहे. दुपारी जातो."

तो उतरला. सूत मारलं, आरा लावला. थोडा वेळ नुसता आऱ्याचा आवाज. मंग खालून त्याचा आवाज आला, रोजचा नव्हे, एकदम बारीक. "हे वरच्या. तिच्याबिगर मले कोणी नाही. तुले माहीत आहे. तिले मागून राहिलो. ऐकून राहिला ना?"

मी "बोल गा" म्हटलं नाही. आरा माह्याच हातून थांबला.

"काहून थांबला गा?"

"रेघ दिसत नाही."

"भुसा गेला का डोळ्यात?"

वरच्याच्या डोळ्यात भुसा जात नाही, हे त्याले माह्याहून जास्त माहीत. त्यानं खालची मूठ नीट धरली. मंग म्हणे, "म्हणजे आज आपण दोघंही खालीच आहो. ओढ."

ओढलं. फळी निंघाली ते नाग नदीच. मी ते भिताडाशी उभी केली.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो तिच्या कपाळावर ओला फडका ठेवून बसला होता. तिले म्हणे, "पाह्य वं, कोण आलं. आज भाऊजीनं पुन्हा नाग नदी काढली."

तिनं डोळे उघडले नाही. ओठ हलले. "पूर आला होता का, भाऊजी?"

"आला होता, वयनी," मी म्हटलं.

पहाटे ती गेली.

पेटीले सुतारानं चांगल्या सरळ फळ्या निवडल्या. हा उठला, भिताडापाशी गेला अन् माही वाकडी फळी घेऊन आला. "झाकण याचं कर."

सुतार म्हणे, "अरे, हे बसणार नाही. फट राहीन."

"राहू दे. ओळखीचं कोणी सोबत पाहिजे तिले."

लाकूड कोणी नेसत नाही म्हणून मी इकडे आलो होतो.

दोन-चार दिवसायनं तो कामावर आला. खड्ड्यात उतरला, आरा धरला. पण आवाज नाही. तेलाचं नाही, शेठचं नाही, काहीच नाही. असे किती दिवस गेले. मी मुद्दाम रेघ सोडून चालवून पाहिलं, मुद्दाम शिंकलो. खाली सारं मुकं. शेठनं एकदा टोमणा मारला, "काय गा, तुह्या प्रभूनं काय केलं आखरीले?"

तो म्हणे, "मले सांगतलं नाही, शेठ."

मंग मीच विचारलं, "काहून गा, वरच्याले हाक मारत नाही आता?"

"बोलणं बंद आहे."

"अन् भरोसा?"

त्यानं माह्याकडे असं पाहिलं का जसं मी विचारलं, तुले हात आहेत का. "ओढून राहिलो ना?"

हिवाळा गेला. उन्हं तापली. एका सकाळी आरा मंधातच थांबला अन् खालून खरखरीत आवाज आला, "हे वरच्या!"

जुनी खोड. माह्या तोंडून निंघून गेलं, "बोल गा."

खालून भुसा थुंकल्याचा आवाज आला. मंग, "तुले नाही."

मी ओंडक्यावर मटकन बसलो. रडलो म्हणा का हासलो म्हणा, ओंडका हालाले लागला. तो खालून वरडला, "हालवू नको! माह्या डोक्यावर पाडतं का?" पुढं तो वरच्यासंगं काय बोलला ते मले माहीत नाही. मी कानात बोटं घातले होते. उभ्या जनमात ऐकू येत असून ऐकलं नाही असं तेवढंच.

त्याच्यानंतर कित्येक वर्षं आमी फळ्या काढल्या. भुशानं त्याचे डोळे विझत गेले. मी म्हटलं, आता बस कर. तं म्हणे, "खाली डोळ्यायचं काय काम?" शेवटी शेवटी तो हातानं चाचपत खड्ड्यात उतरे, अन् आऱ्यापाशी पोचला का तोंडावर उजेड ये.

तो गेला त्या दिवशी पाद्रीबाबाचा निरोप आला, फळ्या पाहिजेत. वर चढाले शेठनं नवा गडी दिला. त्याची नजर पक्की, रेघ सोडत नाही. मंग खाली कोण? सारे माह्याकडे पाहाले लागले.

मी उतरलो. आतून खड्डा केवढा खोल आहे हे मले तवा समजलं. वर पाहिलं तं नव्या गड्याचे तळपाय अन् ओंडक्याच्या बाजूनं पांढरा उजेड. रेघबिघ काही नाही. पयल्याच ओढीले तोंडभर भुसा आला. नाक हुळहुळलं, पण शिंक आली नाही.

ओढता ओढता माह्या तोंडून निंघालं, "हे वरच्या."

आरा थांबला. वरून नवा गडी वाकला. "काय जी काका?"

"तुले नाही," मी म्हटलं.