बेबीनंदाच्या घरचा पाला

बेबीनंदा शेडचं दार ढकलून आत गेली आणि उंबऱ्यातच थबकली. आत आवाज नव्हता.

शेवटच्या आठवड्यातल्या रेशीम अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा शेडभर एक बारीक सळसळ चालू असते. वाळल्या पाचोळ्यावरून कुणी अनवाणी चालत असल्यासारखी. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती, की माहेरी तीर्थपुरीला गेलं की शांततेनंच तिची झोप उडायची. आज सकाळी पाला घालून ती कोषांच्या गाडीचं ठरवायला वाटूरला गेली होती. आता ऊन कलल्यावर परत येते तो रॅकच्या पाचही कप्प्यांवर सकाळचा पाला जवळजवळ तसाच पडलेला. ती वाकली. अळ्यांनी अर्धं अंग वर उचललं होतं आणि सगळ्या डोकी हलवत होत्या, एका लयीत, कुणाला तरी नाही म्हणत असल्यासारख्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी गळत होतं.

हे तिनं प्रशिक्षणात फोटोत पाहिलं होतं. फवारलेला पाला.

स्वतःच्या अळ्या गेल्या हे तिला कळलं, पण ते दुखणं अजून तिच्यापर्यंत पोचलंच नाही, कारण त्याच्या पुढे दुसरी गोष्ट येऊन उभी राहिली होती. तुतीच्या ह्याच तुकड्यातला पाला सकाळी रिक्षानं दोन घरी गेला होता. एक गठ्ठा रेणुकाकडे, एक साखराबाईकडे.

'पाला' हा व्हॉट्सॲप ग्रुप तिनंच चालू केला होता. पहिल्या वर्षी तिचा स्वतःचा पाला ऐनवेळी संपला आणि अळ्या उपाशी मेल्या. चार शेतं पलीकडे एकाची तुती नुसती वाळून चालली होती, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिनं ओळखीच्या रेशीमवाल्यांना फोन करकरून नंबर गोळा केले. ज्याला कमी पडेल त्यानं ग्रुपवर लिहायचं, ज्याच्याकडे उरेल त्यानं द्यायचा, आणि पाल्याची फेड पाल्यानंच. पुढे कोषही एका गाडीत जालन्याच्या बाजारात जाऊ लागले. साठेक घरं झाली. अप्पाराव, तिचा नवरा, चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या घरी मंत्रालय आहे."

पण सुरुवातीचं वर्ष तिच्या मनातून गेलं नव्हतं. तिनं 'पाला आहे' असं लिहिलं की ग्रुप गप्प व्हायचा. कुणी लिहायचं, 'आमची सोय झाली'. सोय झालेली नसायची, हे तिला त्यांच्या शेतांवरून जाताना दिसायचं. बुद्धविहारापलीकडच्या घरचा पाला, एवढंच त्याचं कारण होतं. ते कुणी बोललं नाही, तिनंही विचारलं नाही. मग एका उन्हाळ्यात साखराबाई स्वतः चालत आली आणि म्हणाली, "बेबी, दोन गठ्ठे दे. अळीला कुठं जात कळती?" त्यानंतर बाकीचे आले.

नियम तिनंच घातला होता. पाला बाहेर द्यायच्या आधी मूठभर पानं पाच-दहा अळ्यांना घालून बघायची. आज सकाळी तिनं ते केलं नव्हतं. घरचाच पाला, त्यात काय बघायचं?

तिनं रेणुकाला फोन लावला.

"रेणुका, पाला घातला का गं?"

"चार रॅक झाले ताई दुपारी. बाकीचा आता संध्याकाळी. लई भारी पाला हाय, हातात घेतला की कचकन मोडतो."

"ऐक ना. उरलेला घालू नको आज."

"का हो?"

बेबीनंदाच्या तोंडात एक वाक्य होतं, पण बाहेर आलं ते दुसरंच. "जरा ओला राह्यलाय गं तो."

"ओला? मला तर न्हाई वाटला. बरं, पंख्याखाली पसरते नि मंग घालते. तुम्ही कशाला एवढ्या घाबरून राह्यल्या?"

तिनं फोन ठेवला. तिनं काय केलं होतं? ती रेणुकाला विष वाळवून घालायला सांगून बसली होती. आणि घातलेल्या चार रॅकांबद्दल एक शब्द बोलली नव्हती. दोन श्वासांपुरतं तिला वाटलं, जाऊ दे, कुणाच्या पाल्यानं मेल्या हे कोण सिद्ध करणार? हा विचार आपल्याच डोक्यात आला ह्याची तिला अळ्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

तिनं परत फोन लावला.

"रेणुका, ओला न्हाई. त्याच्यावर औषध हाय. माझ्या सगळ्या अळ्या मरून राह्यल्यात. चार रॅकांवरचा पाला आत्ताच्या आत्ता उचल."

फोन कट झाला.

शेडबाहेर येऊन तिनं ग्रुपवर आवाज रेकॉर्ड केला. पहिला पुसला, दुसऱ्यांदा बोलून पाठवला. "मी बेबीनंदा. माझ्या घरचा आजचा पाला कुणी घालू नका. फवारा लागलाय त्याला. मी बघून दिला न्हाई, चूक माझी हाय." एकेकानं ऐकल्याचं दिसत गेलं. उत्तर कुणाचंच आलं नाही. ही शांतता तिच्या ओळखीची होती.

साखराबाईपर्यंत निरोप पोचलाच नव्हता. म्हातारी शेतात राहायची, तिथं रेंज नव्हती, आणि संध्याकाळचा पाला ती दिवस असतानाच घालायची. अप्पाराव गाडी घेऊन परतूरला गेलेला. बेबीनंदा बांध ओलांडून शेजारच्या अंगदच्या शेतात पळत गेली. अंगद विहिरीपाशी फवारणीचा पंप धूत होता.

"अंगद, काल फवारलं का तुम्ही?"

"मारलं की, कपाशीवर. बोंडअळी झाली होती. का?"

"मला सांगायचं न्हाई का?"

"कुणाला सांगू वैनी? तुमच्या ग्रुपात सगळे तुतीवाले. मला कुठं घेतलं तुम्ही?" तो हसला. "वारा मात्र तुमचाच मेंबर दिसतोय. बराबर तुमच्याच तुतीकडं गेला."

ती हसली नाही. अंगदनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पंप खाली ठेवला आणि हात पुसले.

"कुठं जायचंय? बसा गाडीवर."

साखराबाईच्या शेताचा रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. अंगद जमेल तेवढी घाई करत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला बेबीनंदाला म्हातारीचे हात दिसत होते. पाला पसरणारे, हलके, सवयीचे. अजून दोन-तीन दिवसांत तिच्या अळ्या कोष विणायला लागल्या असत्या. आत्ता घालत असेल. आत्ता दुसऱ्या रॅकवर आली असेल.

साखराबाई शेडच्या दारात दगडावर बसली होती. शेजारी ओल्या पोत्यात बांधलेला गठ्ठा, एक कोपरा फक्त सुटलेला. मांडीवर काहीतरी पदरानं झाकलेलं.

"मावशी, पाला..."

"न्हाई घातला."

बेबीनंदा तिथंच मातीत बसली. साखराबाईनं पदर बाजूला केला. पिठाची चाळणी होती. तिच्यात पाला घालून बघायला वेगळ्या काढलेल्या दहा-बारा अळ्या, आखडून बोटाच्या पेराएवढ्या झालेल्या, हिरव्या डागात चिकटलेल्या.

"कवा मेल्या?"

"दुपारीच."

"दुपारी?" बेबीनंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मंग मला फोन का न्हाई लावला? बांधावर येती की रेंज."

"दोनदा गेल्ते बांधावर." म्हातारी चाळणीकडेच बघत होती. "फोन हातात धरला नि परत आले. काय म्हनू तुला? बेबी, तुझ्या घरचा पाला चालंना मला? सासू माझी तुमच्या आळीतल्या बायांना वरून पाणी वतायची. मी शेजारी घागर धरून उभी राह्यची. मला वाटलं, हे माझ्या तोंडून निघालं तर तू काय समजशील. ग्रुपातले काय समजतील. म्हनलं टाकून देऊ गुपचूप, कुणाला कळायचं न्हाई."

अंगद गाडीपाशी उभा राहून दुसरीकडे बघत होता. त्याच्या कपड्यांना अजून औषधाचा वास येत होता.

बेबीनंदाला राग यायला हवा होता. पण 'ओला राह्यलाय' हे स्वतःचं वाक्य तिच्या कानात अजून गरम होतं. ती एवढंच म्हणाली, "रेणुकानं चार रॅक घातले मावशी. दुपारी."

साखराबाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती जे मोजत होती ते बेबीनंदाला कळत होतं. बांधावरून एक फोन, आणि रेणुकाचा हात कदाचित थांबला असता. म्हातारी उठली. चाळणी तिनं दगडावर ठेवली, पदर कमरेला खोचला.

"चल रेणुकाकडं. मी बी येते."

"तिघं बसलो तर फाट्यावर पोलीस धरंल," अंगद म्हणाला.

"धरू दे," साखराबाई म्हणाली. "फवारलं कुणी ते बी सांगते त्याला."

बांधावर रेंज आली तसा बेबीनंदाचा फोन थरथरला. तिनं तो पाहिला नाही. वाटूरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो दोनदा, तीनदा थरथरला. काय लिहिलं असेल? 'आमची सोय झाली.' की त्याहून वाईट?

रेणुकाच्या शेडचं दार सताड उघडं होतं. बाहेर पाल्याचा ढीग टाकलेला, त्यात मेलेल्या अळ्या. रेणुका आत एकटीच होती. डोळे सुजलेले, केसांत पानाचे तुकडे. तिनं आत आलेल्यांकडे पाहिलं, साखराबाईकडे जास्त वेळ पाहिलं, आणि परत कामाला लागली.

"रेणुका, मी तुला आधी खोटं बोलले," बेबीनंदा म्हणाली.

"मला दुपारीच दिसलं होतं गं पोरी," साखराबाई म्हणाली. "मी बोलले न्हाई."

दोन रॅक रिकामे झाले होते. तिसऱ्यावरच्या अळ्यांनी डोकी वर केलेली, पण मागच्या कडेला काही अजून सरळ चालत होत्या. त्यांच्याखाली जाळी होती. अळ्यांना न दुखावता उचलायची तर ती दोन्हीकडून एकदम धरावी लागते, एकट्या माणसाला ते जमत नाही. रेणुका इतका वेळ एकेक अळी बोटानं वेचत होती. आता तिनं जाळीची आपल्याकडची कड धरली आणि बेबीनंदाकडे न बघता म्हणाली, "धरा तिकडून."

बेबीनंदानं धरली. जाळी वर आली तशी हलायला लागली, तिच्या बाजूनं.

"हात हलू देऊ नका ताई," रेणुका म्हणाली. "त्याच्यात जित्या हाएत अजून."