बांधून ठेवलेल्या पवनचक्क्या

स्पेनमध्ये एका जुन्या कादंबरीच्या नावाने पर्यटकांसाठी एक मार्ग आखलेला आहे. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्याशी लढायला गेलेला तिचा नायक जिथे जिथे गेला ती गावं त्यात जोडलेली आहेत. नायक मुळात जन्मालाच आला नव्हता, त्यामुळे तो कुठे गेला हे ठरवणं कुणाला जड गेलं नसावं. ज्या खानावळीत तो कधी उतरला नाही तिथे पाटी आहे. ज्या विहिरीचं पाणी तो प्यायला नाही तिथेही पाटी आहे, आणि पाटीपुढे फोटोसाठी रांग.

मी जर्मनीत, एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रं तपासतो. यंत्र जेवढं दाखवतं तेवढं खरोखर आहे का, एवढंच बघायचं. असल्या माणसाने त्या मार्गाला लागू नये हे मला निघण्यापूर्वीच कळत होतं. गेलो ते सासूबाईंमुळे.

सासूबाई या खेपेला साताऱ्याहून एकट्याच आल्या होत्या. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेचं पुसट दिसतं, अक्षर दिसत नाही. तेव्हापासून रोज दुपारी चहानंतर सासूबाई त्यांना वाचून दाखवतात. या कादंबरीचा मराठी अनुवाद, दोन जाड खंड, त्यांनी असाच वाचत आणला होता आणि शेवटचं प्रकरण मुद्दाम राखून ठेवलं होतं. सासऱ्यांनी सांगितलं होतं, "तू तिथे त्या पवनचक्क्यांपाशी उभी राहून वाच. मी फोनवर ऐकतो. माझं जाणं तेवढंच."

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनकट्ट्याने नेमकी तीच सहल काढली. प्रत्येक गावात एकेकाचं अभिवाचन, आणि शेवटच्या गावी, पवनचक्क्यांच्या टेकडीवर, सासूबाईंचं. बायकोने लगेच नावं दिली.

आम्ही चौदा जण होतो. त्यातल्या अकरा जणांच्या अंगावर कट्ट्याचे टी-शर्ट. पहिल्या सकाळी नाश्त्याला मी सहज विचारून पाहिलं, कादंबरी कुणी वाचली आहे? दोघांनी सुरुवात केली होती. एकीने लहानपणी मुलांसाठीची आवृत्ती पाहिली होती, चित्रांची. बाकीच्यांना "स्टोरी माहीत" होती. मीही वाचलेली नव्हती, पण मी टी-शर्ट घातला नव्हता.

संयोजक सॉफ्टवेअरमधले. माणूस कामाचा; बस, हॉटेलं, शाकाहारी जेवण सगळं चोख. फक्त साहित्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तोलेदोच्या दगडी गल्लीत एकाने अभिवाचन केलं ते मोबाइलवरून, इंटरनेटवरचा सारांश. टाळ्या पडल्या. "गेनाऊ! अगदी हेच आपल्याला हवंय, क्रिस्प," संयोजक म्हणाले. मग बदामाची मिठाई घ्यायला सगळे दुकानात शिरले आणि जेवढा वेळ वाचायला दिला होता त्याच्या चौपट वेळ तिथे गेला. सासूबाई बाहेर पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. पिशवीत दुसरा खंड होता, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेला.

"आई, आत येता का? सावली आहे," मी म्हणालो.

"नको. मला मिठाई नाही घ्यायची. उद्याचं तेवढं नीट झालं म्हणजे पुरे."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पोचायला उशीर झाला, आणि खाली बसचा ड्रायव्हर घड्याळ दाखवू लागला. वर पांढऱ्या चक्क्या ओळीने उभ्या होत्या. दिसायला छान. पाती दोरखंडांनी बांधलेली, आणि वारा असा की बायकोची ओढणी हातात राहीना. एवढ्या वाऱ्यात न फिरणारी पवनचक्की म्हणजे माझ्या लेखी बंद पडलेलं यंत्र. पण समोर प्रत्येक जण हात पसरून, चेहऱ्यावर गंभीर भाव आणून उभा राहत होता, जणू चक्की आता काहीतरी बोलणार आहे.

सासूबाईंनी साताऱ्याला फोन लावला. सासरे तिकडे तयार बसलेले. सासूबाईंनी पुस्तक सोडलं, पान काढलं. तेवढ्यात संयोजक आले.

"आल्झो, तर मग आई, दोन मिनिटांत बसवू या हं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य घ्या. रीलला तेवढंच लागतं."

"आणि मधलं?"

"मधलं कोण ऐकतंय?"

सासूबाईंनी फोन कानाला लावला. "अहो, आज नाही होत. मी नंतर करते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, तब्येत बरी आहे. इथे घाई आहे." त्यांनी पुस्तक पुन्हा बांधलं. मग चक्कीकडे बघून मला म्हणाल्या, "ही बांधून का ठेवलीय?"

"फोटोला बरी म्हणून असेल."

बसमध्ये संयोजकांनी माइकवरून जाहीर केलं की सर्व अभिवाचनं यशस्वीरीत्या पार पडली, आणि सहभागाची प्रमाणपत्रं वाटली. सासूबाईंनाही मिळालं. त्यांनी ते घडी करून शेवटच्या प्रकरणाच्या पानात खूण म्हणून घातलं. प्रमाणपत्राचा त्याहून चांगला उपयोग मला सुचला नसता.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर आम्ही तिघं आमच्या गाडीने घरी निघालो. आठवड्याने सासूबाईंचं परतीचं विमान होतं. वाचायला मिळालं नाही हे सासूबाई बोलत नव्हत्या, पण दुसरं काहीही बोलत नव्हत्या. वुर्त्सबुर्गच्या अलीकडे डाव्या हाताला टेकडीवर पवनचक्क्या दिसल्या. उंच, पांढऱ्या, तीन पात्यांच्या. सगळ्या फिरत होत्या.

"जावईबापू, तिथवर गाडी जाईल?"

पुढची आउसफार्ट, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायची वाट, घेतली. शेतातल्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी होती, फक्त शेतीच्या वाहनांसाठी. जर्मनीत इतकी वर्षं मी एकही पाटी मोडलेली नाही. त्या दिवशी मोडली. पहिल्या चक्कीच्या पायथ्याशी उतरलो. लांबून ती पाती आळसावलेली वाटतात. टोकाचा वेग मात्र ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो. डोक्यावरून एकेक पातं सूं करत जात होतं.

सासूबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय. हा आवाज कसला?"

"पवनचक्क्यांचा."

सासऱ्यांना पटेना. "तिथल्या लाकडी ना? हा तर आपल्या पठारावरच्या चक्क्यांचा आवाज आहे." साताऱ्याजवळच्या त्या पठाराखालच्या शाळेत त्यांची शेवटची नोकरी झाली होती. बायकोने माझ्याकडे बघितलं.

"जर्मनीत आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "तिथल्या बांधून ठेवल्यात."

"बांधून? कशाला?"

"लोकांना फोटो काढायचे असतात."

सासरे खो खो हसले. "मग यासाठी इतक्या लांब गेलीस होय! बरं झालं, वाच आता."

त्या वाचू लागल्या. आवाज चढवून, सावकाश, प्रत्येक नाव नीट उच्चारत. कोण कोणाचं काय होतं ते मला काही कळत नव्हतं. फोनमधून अधूनमधून "हं" येत होतं. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. आमच्या गाडीने रस्ता अडवला होता. मी धावत गेलो, माफी मागितली आणि काय चाललं आहे ते खरं खरं सांगितलं: सासूबाई भारतातल्या नवऱ्याला फोनवरून कादंबरीचा शेवट वाचून दाखवत आहेत, नवऱ्याला दिसत नाही. शेतकऱ्याने पुस्तकाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं.

"किती राहिलंय?"

मी जाऊन पाहून आलो. "तीन पानं."

"जा, जा," तो म्हणाला आणि सिगारेट काढली.

त्या तीन पानांत सासूबाईंचा आवाज दोनदा अडखळला. दोन्ही वेळा त्यांनी वाक्य पहिल्यापासून घेतलं. मग पुस्तक मिटलं. फोनवर बराच वेळ काही नाही. नुसती पाती.

"अहो? आहात ना?"

"आहे. शेवटचं पान पुन्हा एकदा वाच."

मी ट्रॅक्टरकडे बघून एक बोट वर केलं.