डावीकडे वळणारा माणूस

यशोधनला हरणांचं वेड लागलं ते पन्नाशीनंतर. अमेरिकन वाळवंटातल्या चँडलर शहरात, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात यंत्रांची नाडी बघण्यात जन्म गेलेला हा माणूस. त्याने धनुष्यबाणाने शिकार करायचं लायसन्स काढलं आणि सीझन सुरू व्हायच्या आधी दर शनिवारी वाळवंटात जाऊन हरणांचं वेळापत्रक वहीत उतरवू लागला. बाण अजून एकही सुटला नव्हता. पहाटे कुठे चरतात, पाण्यावर किती वाजता येतात, सगळं प्रतिमाला जेवताना ऐकावं लागे. "दुपारी उत्तरेच्या उतारावर, सावलीत. ऊन उतरेपर्यंत जागचं हलत नाही," हे तर तिला तोंडपाठ झालं होतं. "एवढं लक्ष बायकोकडे दिलं असतंस तर!" असं म्हणून ती आमटी वाढे.

त्या शनिवारी तो अकराला परतणार होता. एक वाजला तरी फोन लागेना, तेव्हा प्रतिमाने शेरीफच्या पोलिस ऑफिसला कळवलं आणि स्वतः गाडी काढली. डोंगराच्या पायथ्याशी त्याची गाडी उभी होती. मागच्या सीटवर पाण्याचा मोठा कॅन तसाच, भरलेला. म्हणजे त्याच्याजवळ फक्त हातातली बाटली. बाहेर एकशे आठ डिग्री फॅरनहाइटचं ऊन होतं.

शेरीफची चार माणसं पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेने निघायच्या तयारीत होती.

"तिथे नाही सापडायचा तो," ती इंग्रजीत म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

सव्वीस वर्षांच्या संसारात यशोधन गेल्या वाटेने कधी परत आला नव्हता. त्याला शॉर्टकट लागे. आणि शॉर्टकट चुकला की तो डावीकडे वळे. मॉलमध्ये, विमानतळावर, कुठेही. साताऱ्याला तर डावीकडे वळून परक्याच्या लग्नात जेवून आला होता. तिने नकाशा मागितला. पाणवठ्याकडून परतताना डाव्या हाताला एक कोरडा ओढा होता. ओढ्याच्या काठी उत्तरेकडे तोंड केलेला कातळ. हरणांसारखी दुपारची सावली धरायची तर तिथेच.

"इथे."

"आर यू शुअर, मॅम?" त्या चौघांतला एकजण म्हणाला. "माणसं चारच आहेत, दोन्हीकडे जाता येणार नाही."

चुकलं तर? ही माणसं भलतीकडे जातील, तो तिकडे उन्हात तडफडेल, आणि त्याला मारणारी आपण ठरू. देवाचं नाव आठवेना.

"येस," ती म्हणाली.

पाऊण तास ती गाडीच्या दाराला धरून उभी होती. दार तापलं होतं, तरी हात सुटेना. मग रेडिओ खरखरला. ओढ्यात, कातळाच्या सावलीत, जिवंत.

स्ट्रेचरवरून आणला तेव्हा त्याचा घोटा सुजून टम्म झाला होता, ओठ फुटले होते.

"पाणी संपलं होतं गं. फार भीती वाटली," तो पुटपुटला. "सरपटत का होईना, गाडीकडे निघावंसं वाटत होतं. पण हललो नाही."

"का?"

"म्हटलं, जागा सोडली तर तुला सापडायचो नाही."

प्रतिमा तिथेच मातीत मटकन बसली आणि इतकी थरथरू लागली की पाण्याची बाटली तिलाच आधी द्यावी लागली.